जुना स्टेंट, सुटलेली गोळी आणि एस्मोलॉल: पित्ताशयाच्या एका ऑपरेशनचा प्रकरण अभ्यास

हृदयविकाराच्या रुग्णाचे ठोके ऑपरेशनच्या टेबलावर वाढले की हात आपोआप बीटा ब्लॉकरकडे, म्हणजे अॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवून ठोके कमी करणाऱ्या औषधाकडे जातो. कधी तो तिकडे जायलाच हवा, कधी अजिबात जायला नको. हे दोन्ही प्रसंग एकाच रुग्णात, एकाच ऑपरेशनमध्ये, तासाभराच्या अंतराने आले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि जळगाव जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांमध्ये काम करते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही बारीक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ६६ वर्षांचे, अमळनेरकडचे कापूस उत्पादक शेतकरी. घरी आणि वॉर्डात सगळे त्यांना नाना म्हणत, इथेही तेच नाव ठेवते. तीन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला होता. नाशिकला अँजिओप्लास्टी झाली आणि हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिनीत एक स्टेंट बसला. तेव्हापासून रोज अॅस्पिरिन ७५, अॅटोरव्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम चालू. यांतलं मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. शेतात स्वतः जाणारे, माडीचा जिना न थांबता चढणारे. अटॅकनंतर छातीत पुन्हा कधी दुखलं नव्हतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, वर तूप. त्याच रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली. अशी कळ आधीही दोनदा येऊन गेली होती आणि ‘पित्त’ म्हणून सोडून दिली होती. या वेळी ती थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. उलट्या थांबत नाहीत म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांना आमच्याकडे घेऊन आला. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा, जाड झालेली भिंत आणि भोवती थोडं पाणी. पांढऱ्या पेशी १४,८००. कावीळ नाही, मुख्य पित्तनलिका फुगलेली नाही. अँटिबायोटिक सुरू झालं आणि सर्जननी दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरवलं.

ते योग्यच होतं. सुजलेलं पित्ताशय पहिल्या काही दिवसांत काढलेलं बरं. आठ-दहा दिवस उलटले की सगळं एकमेकांना चिकटतं आणि ऑपरेशन अवघड होतं. थांबून सहा आठवड्यांनी करू म्हटलं तर मधल्या काळात पुन्हा कळ उठण्याचा धोका असतो. शिवाय मे महिना होता. बागायती कापसाच्या लागवडीचे दिवस, आणि नानांचा जीव शेतात अडकलेला.

फिजिशियनचा फिटनेस आला होता: ‘फिट अंडर मॉडरेट रिस्क’. टूडी इकोत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण, ४५ टक्के, हृदयाच्या टोकाशी हालचाल थोडी मंद. ईसीजीत जुन्या अटॅकच्या खुणा, नवीन काही नाही.

अडचण

आदल्या संध्याकाळी प्री-अॅनेस्थेटिक तपासणीला गेले तेव्हा नाडी १०४ होती. ताप ९९.८, रक्तदाब १५२/८८, जीभ कोरडी. रोज मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाची नाडी बसल्या जागी १०४ असेल तर कारण शोधावं लागतं. दुखणं होतं, सूज होती, उलट्यांनी आणि उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं होतं. तरी तेवढ्याने मन भरेना. म्हणून गोळ्यांचं विचारलं.

नाना म्हणाले, “पोटमा काही जावाले नको, आशे सांगेल व्हतं. म्हनीसन गोया बी बंद कयात.”

मुलाने पिशवीतून पाकिटं काढून पलंगावर मांडली. पहिले दोन दिवस उलटीच्या भीतीने सगळ्याच गोळ्या सुटल्या होत्या. नंतर वॉर्डात अॅस्पिरिन आणि अॅटोरव्हास्टॅटिन सुरू झालं, पण ‘बीपीच्या गोळ्या ऑपरेशनपर्यंत बंद’ अशी सूचना केस पेपरवर होती. ती टेल्मिसार्टनसाठी अगदी बरोबर होती. या गटातली गोळी ऑपरेशनच्या आधी २४ तास थांबवतात, नाहीतर भूल दिल्यावर दाब फार खाली जातो. पण घरच्यांच्या हिशेबात मेटोप्रोलॉलही बीपीचीच गोळी. अँजिओप्लास्टीच्या वेळी त्यांना तसंच सांगितलेलं होतं. चार दिवस मेटोप्रोलॉल पोटात नव्हतं.

ही किरकोळ गोष्ट नाही. बीटा ब्लॉकर वर्षानुवर्षं चालू असतो तेव्हा हृदयाच्या पेशी अॅड्रेनॅलिन झेलणारे बीटा रिसेप्टर वाढवून ठेवतात. गोळी एकदम बंद झाली की ते सगळे उघडे पडतात आणि शरीरातलं नेहमीचं अॅड्रेनॅलिनही जास्त जोराने काम करतं. ठोके वाढतात, दाब वाढतो, आणि ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच आजारी आहेत त्याला अटॅकही येऊ शकतो. मेटोप्रोलॉलच्या माहितीपत्रकात याचा ठळक इशारा असतो. आता अशा हृदयावर ऑपरेशनचा ताण येणार होता.

ठोके वाढले की हृदयाला नेमकं काय होतं, हे मुलाला सांगायला हवं होतं, कारण ‘नाडी थोडी जास्त आहे, त्यात काय एवढं’ असा त्याचा प्रश्न होता. हृदयाची डावी बाजू स्वतःसाठीचं रक्त घेते ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, कारण आकुंचन चालू असताना तिचा स्नायूच आतल्या वाहिन्या दाबून धरतो. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला एक सेकंद येतो आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश वेळ विश्रांतीचा असतो. १२० झाले की अर्धाच सेकंद. आकुंचनाचा वेळ फारसा घटत नाही, कात्री लागते ती विश्रांतीला. म्हणजे काम दुप्पट आणि रक्त मिळायची वेळ निम्म्याहून कमी. मी त्याला म्हटलं, “शेताला लाइट असते तेवढ्याच वेळात पाणी भरावं लागतं ना? ती वेळ निम्मी झाली, आणि पाइप आधीच अरुंद असला, तर शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही.” त्याला ते लगेच पटलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: ऑपरेशन पुढे ढकलायचं, मेटोप्रोलॉल पुन्हा सुरू करायचं आणि नाडी आठवडाभर स्थिर झाल्यावर घ्यायचं. नुसत्या खड्यांसाठी ठरवलेलं ऑपरेशन असतं तर मी हाच आग्रह धरला असता. पण इथे सूज होती, आणि ती सूजच नाडी वाढवत होती. आठवडा थांबणं हृदयासाठीही सुरक्षित नव्हतं.

दुसरा पर्याय: सकाळी जोरदार डोस देऊन नाडी खाली आणायची. एकेकाळी हे बऱ्याच ठिकाणी होत असे. १९९० च्या दशकातल्या काही लहान अभ्यासांवरून ऑपरेशनआधी बीटा ब्लॉकर दिल्याने हृदय वाचतं असं वाटू लागलं होतं. त्यांपैकी नेदरलँड्समधल्या अभ्यासमालिकेच्या विश्वासार्हतेवरच पुढे गंभीर प्रश्न उभे राहिले. २००८ साली ‘पॉइज’ हा मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ८,३५१ रुग्ण, हृदय सोडून इतर ऑपरेशनं, आणि आधी बीटा ब्लॉकर न घेणाऱ्यांना ऑपरेशनच्या काही तास आधी १०० मिलिग्रॅम लांब पल्ल्याचं मेटोप्रोलॉल. हार्ट अटॅक खरोखर कमी झाले, ५.७ वरून ४.२ टक्क्यांवर. पण मृत्यू २.३ वरून ३.१ टक्क्यांवर गेले आणि पक्षाघात ०.५ वरून १ टक्क्यावर. कारण मुख्यतः दाब पडणं. रक्त गेलं, जंतुसंसर्ग झाला, तरी चोवीस तास पुरणारं औषध अंगातून काढता येत नाही. त्यानंतर सर्वत्र नियम झाला तो असा: आधीपासून चालू असलेला बीटा ब्लॉकर चालू ठेवा, ऑपरेशनच्या दिवशी नव्याने सुरू करू नका.

नाना यांत कुठे बसतात? गोळी त्यांची नेहमीची होती, पण चार दिवस सुटलेली. त्यांना ती परत देणं म्हणजे नवीन औषध सुरू करणं नव्हे, हे मला स्पष्ट होतं. डोस मात्र त्यांचा नेहमीचाच हवा, वाढवून नाही.

तिसरा पर्याय: तोंडाने काहीच द्यायचं नाही, सगळं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) एस्मोलॉलवर, म्हणजे शिरेतून द्यायच्या, लवकर ओसरणाऱ्या बीटा ब्लॉकरवर सांभाळायचं. यात अडचण अशी की एस्मोलॉल थांबलं की संरक्षण संपतं, आणि ऑपरेशननंतरच्या हृदयाच्या इजा बहुतांशी पहिल्या दोन-तीन दिवसांत होतात. तेव्हा रुग्ण वॉर्डात असतो, माझ्या मॉनिटरसमोर नसतो.

शेवटी ठरलं ते असं. त्याच संध्याकाळी आधी सलाईन, पॅरासिटामॉल आणि दुखण्याचं औषध. दोन तासांनी नाडी ९६, दाब १४०/८२ आणि लघवी व्यवस्थित झाल्यावर नेहमीची मेटोप्रोलॉल ५० ची गोळी घोटभर पाण्याबरोबर. टेल्मिसार्टन बंदच. अॅस्पिरिन आणि अॅटोरव्हास्टॅटिन चालू. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) एक तपासणी आधीच करून ठेवायची, म्हणजे नंतरच्या आकड्याला तुलना मिळते. आणि ओटीत एस्मोलॉल भरून तयार ठेवायचं, पण गरज दिसेपर्यंत सुरू करायचं नाही. हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलणं झालं, त्यांचंही मत हेच पडलं.

सकाळी नाडी ८२. ट्रोपोनिन मर्यादेत.

एस्मोलॉलच का

हे औषध हृदयातल्या बीटा-१ रिसेप्टरवर जास्त काम करतं आणि शिरेतून दिल्यावर मिनिट-दोन मिनिटांत परिणाम दिसतो. लाल रक्तपेशींमधलं एस्टरेज ते सतत तोडत असतं. लिव्हर-किडनीवर त्याचा भार नाही. रक्तातली अर्धी मात्रा नऊ मिनिटांत नाहीशी होते आणि थेंब बंद केल्यावर वीस-तीस मिनिटांत परिणाम जवळपास पुसला जातो. शिरेतून दिलेल्या मेटोप्रोलॉलचा अर्धायुष्यकाळ तासांत मोजावा लागतो. लँडिओलॉल हे याहूनही आखूड, अर्धायुष्यकाळ चारेक मिनिटं. जपानमध्ये ते २००२ पासून वापरात आहे, पण आमच्या ट्रॉलीत नव्हतं.

पुस्तकातला डोस आहे किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम एका मिनिटात, मग किलोमागे मिनिटाला ५० ते ३०० मायक्रोग्रॅम. नानांचं वजन ६० किलो, म्हणजे पहिला डोस ३० मिलिग्रॅम. ज्याचं इजेक्शन फ्रॅक्शन ४५ आहे त्याला मी तो पूर्ण देत नाही. दहा मिलीच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम असतं. पाच बाटल्या ५० मिलीच्या सिरिंजमध्ये, पाणी न मिसळता. ५० मायक्रोग्रॅमचा वेग म्हणजे पंपावर तासाला १८ मिली. हा आकडा आदल्या रात्रीच कागदावर लिहून पंपावर चिकटवलेला होता. घाईत गुणाकार करायची वेळ येऊ नये. हे औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचा दुखावते, म्हणून कोपराजवळची मोठी शीर त्याच्यासाठी वेगळी ठेवली.

ओटीतला पहिला प्रसंग

ईसीजीवर लीड दोन आणि व्ही-५ दोन्ही लावले, कारण व्ही-५ मध्ये रक्त कमी पडल्याची खूण लवकर दिसते. भूल देण्याआधीच मनगटात आर्टेरियल लाइन, म्हणजे प्रत्येक ठोक्याला दाब दाखवणारी धमनीतली बारीक नळी, घेतली. वेदनाशामक फेंटानिल भरपूर, भुलीचं प्रोपोफॉल थोडं थोडं. नळी घालताना नाडी ९४ पर्यंत गेली आणि उतरली. एस्मोलॉल लागलं नाही.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून डोक्याकडची बाजू वर केली आणि चित्र पालटलं. पाच मिनिटांत नाडी ११४, दाब १७२/९६, व्ही-५ मध्ये एसटी (हृदयाला रक्त कमी पडलं की खाली जाणारा ईसीजीच्या रेषेचा भाग) दीड मिलिमीटर खाली.

इथे पहिला निर्णय होता. पंप हाताशी होता, तरी आधी कारणं तपासली. सर्जनना सांगितलं, “सर, गॅस जरा सोडा.” त्यांनी लगेच सोडला, काहीही न विचारता. भुलीचा वायू वाढवला, फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम आणखी. ऑक्सिजन ९९, बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३७, नळी जागेवर, छाती दोन्ही बाजूंनी सारखी फुलते, रक्त कुठेही गेलेलं नाही, शुगर १६०. म्हणजे प्राणवायू कमी नाही, रक्त कमी नाही, भूल उथळ असल्याची शक्यताही आता गेली. तरी चार मिनिटांनी नाडी १०८ वर अडकलेली आणि एसटी तसाच. मेटोप्रोलॉलचा एकच डोस पोटात गेला होता. सुटलेल्या चार दिवसांची भरपाई त्याने होणार नव्हती.

तेव्हा एस्मोलॉल दिलं. २० मिलिग्रॅम एका मिनिटात, मग तासाला १८ मिली. तिसऱ्या मिनिटाला नाडी ८८. सातव्या मिनिटाला ८० आणि दाब १२६/७४. एसटी पुन्हा रेषेवर यायला दहा मिनिटं लागली. या दहा मिनिटांत मी डायस्टॉलिक दाबाकडे (खालच्या आकड्याकडे) नाडीइतकंच लक्ष देत होते. विश्रांतीची वेळ वाढवली पण तो दाबच पडू दिला, तर वाहिनीत रक्त ढकलणारं काही उरत नाही. सर्जननी गॅस पुन्हा भरला तो १४ ऐवजी १० मिलिमीटर दाबाने. त्यांना जागा कमी मिळाली, काम अवघड झालं. ते त्यांनी स्वीकारलं, आणि याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

दुसरा प्रसंग

पित्ताशय चांगलंच चिकटलेलं होतं. साधारण पन्नास मिनिटांनी कॅप्नोग्राफवरचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा ३६ वरून ३३ झाला, मग २९. श्वास देण्याचा वेग बदललेला नव्हता. आर्टेरियल लाइनची लाट प्रत्येक श्वासागणिक वर-खाली होऊ लागली. दाब ९४/५८. नाडी मात्र ७८ वरून फक्त ९२.

मदतीला असलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, “मॅडम, नाडी परत वाढतेय. रेट वाढवू का?”

प्रश्न स्वाभाविक होता. तासापूर्वी याच पंपाने काम केलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण पहिल्या वेळी नाडीबरोबर दाबही वाढला होता. या वेळी नाडी वर आणि दाब खाली. एरवी रक्त जाऊ लागलं की नाडी १२० वर जाऊन ओरडून सांगते. इथे बीटा ब्लॉकरने तिचा आवाज दाबलेला होता. ९२ हा आकडा शांत दिसत होता, तो शांत नव्हता. श्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम घसरला म्हणजे फुप्फुसांकडे रक्तच कमी पोहोचतं आहे. गॅसचा बुडबुडा रक्तात गेला तरी असं होतं, म्हणून तेही मनात होतं. पण ऑक्सिजन ९८ वर स्थिर होता, आणि पडद्यावर सक्शनची नळी लाल दिसत होती.

“सर, रक्त जातंय का?”

“हो, सिस्टिक आर्टरी. दोन मिनिटं द्या, दाबून धरलंय.” म्हणजे पित्ताशयाला रक्त देणारी धमनी.

पंप पूर्ण बंद केला. कमी नाही, बंद. रिंगर लॅक्टेट जोरात सोडलं, दाब वाढवणारं फिनाइलएफ्रिन ५० मायक्रोग्रॅम दोनदा दिलं, ब्लड बँकेतून राखून ठेवलेली पिशवी ओटीच्या दारात मागवली. दहा-बारा मिनिटांत एस्मोलॉल ओसरत गेलं तशी नाडी १०६ पर्यंत चढली. ती मी चढू दिली. रक्त गेलेल्या माणसाचं हृदय जोरात धावतं ते त्याला जगवण्यासाठी. एसटीवर डोळा होता, तो अर्धा मिलिमीटर खाली गेला आणि तिथेच राहिला. सर्जननी क्लिप लावली, रक्त थांबलं. पित्ताशय पूर्ण सोडवायचा हट्ट न धरता त्यांनी मानेचा भाग ठेवून ते सबटोटल, म्हणजे अर्धवट, काढलं. दाब ११८/७० झाल्यावर नाडी आपोआप ९० वर आली.

सुमारे ५०० मिली रक्त गेलं होतं. हिमोग्लोबिन १२.१ वरून ९.२. रक्त द्यायचं की नाही यावर आमची थोडी चर्चा झाली. रक्तस्राव थांबलेला, एसटी रेषेवर आलेला, लघवी चालू, लॅक्टेट ठीक. पिशवी परत फ्रीजमध्ये गेली, हिमोग्लोबिन सहा तासांनी पुन्हा करायचं ठरलं.

हाच प्रसंग सकाळी शिरेतून मेटोप्रोलॉलचे दोन-तीन डोस दिलेल्या रुग्णात घडला असता तर? आमच्याकडे बंद करायला काहीच नसतं. एस्मोलॉलची माझ्या लेखी सर्वांत मोठी किंमत याच दहा मिनिटांत आहे. त्याने नाडी उतरवली, हे इतर औषधांनीही केलं असतं. सोडून द्यावं म्हटल्यावर ते सुटलं.

जागं करताना ठोके पुन्हा उसळतात, त्याची तयारी होती. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा म्हणून निओस्टिग्मिनबरोबर ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं आणि ते स्वतःच नाडी वाढवतं. सुगामाडेक्स महाग पडतं, पण या रुग्णासाठी ते मागवून ठेवलं होतं आणि तेच वापरलं. जखमांभोवती ब्युपिव्हाकेन टोचलेलं होतं. नळी काढताना नाडी १०२, दाब १५८. रक्त आता थांबलेलं, अंगात पाणी पुरेसं, म्हणून एस्मोलॉल १० मिलिग्रॅमचा एक लहानसा डोस दिला. पंप पुन्हा लावावा लागला नाही.

निकाल

नाना दोन दिवस एचडीयूत (जास्त देखरेखीच्या कक्षात) राहिले. दाब १३० च्या आसपास टिकला आहे आणि हिमोग्लोबिन ९ वर स्थिर आहे हे पाहून रात्री मेटोप्रोलॉल ५० दिलं. छातीत दुखलं नाही, धाप लागली नाही. तरी दुसऱ्या सकाळचं ट्रोपोनिन मर्यादेपेक्षा थोडं वर आलं. तिसऱ्या दिवशी उतरलं. ईसीजी आणि इको आधीसारखेच.

ऑपरेशननंतर ट्रोपोनिन असं वाढणाऱ्या बहुतेक रुग्णांना छातीत काहीच जाणवत नाही, पण पुढच्या काळातला धोका त्यांना असतो. तो दुर्लक्षायचा नसतो. हृदयरोगतज्ज्ञांनी पाहिलं, अॅस्पिरिन आणि स्टॅटिन चालू ठेवलं, टेल्मिसार्टन चौथ्या दिवशी सुरू झालं. पाचव्या दिवशी सुट्टी. महिन्याने दाखवायला आले तेव्हा नाडी ६८, जखमा भरलेल्या, आणि लागवड मुलाने वेळेत उरकलेली.

एस्मोलॉलने त्यांचं हृदय वाचवलं असा दावा मी करणार नाही. एका रुग्णावरून तसं म्हणता येत नाही. या औषधावरचे ऑपरेशनच्या वेळचे अभ्यास लहान आहेत. ठोके आणि ईसीजीवरचा ताण त्याने कमी होतो हे त्यांत दिसतं, मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही, आणि दाब पडण्याचा धोका खरा आहे. नानांच्या बाबतीत इतकं नक्की सांगता येतं की दीड मिलिमीटर खाली गेलेला एसटी दहा मिनिटांत वर आला आणि रक्त गेलं तेव्हा औषध आड आलं नाही.

वेगळं काय करता येईल

सगळ्यांत मोठा बदल ओटीच्या बाहेरचा आहे. ‘बीपीच्या गोळ्या बंद’ ही ओळ केस पेपरवर लिहायचीच नाही. कोणती गोळी बंद आणि कोणती चालू, हे प्रत्येक गोळीचं नाव घेऊन लिहायचं, आणि पाकिटं नातेवाइकांच्या हातात देऊन दाखवायचं. खेड्यातल्या घरात गोळी ओळखली जाते ती पाकिटाच्या रंगावरून. ‘उपाशी’ याचा अर्थही समजावून सांगावा लागतो: अन्न नाही, पण हृदयाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. आता भरतीच्या वेळी सिस्टर पहिल्याच तासात विचारतात, “ठोक्यांची गोळी शेवटची कधी घेतली?” नाना दाखल झाले त्या दुपारीच हे विचारलं गेलं असतं तर मेटोप्रोलॉल काही तास आधी पोटात गेलं असतं.

गॅसचा दाब सुरुवातीपासूनच १० ठेवून, हळूहळू भरून पाहता आला असता. पहिला प्रसंग कदाचित इतका तीव्र झाला नसता. सर्जन आणि मी, दोघांनाही हे पटलेलं आहे आणि हृदयविकाराच्या रुग्णात आता तसंच सुरू करतो.

एस्मोलॉल भूल देतानाच कमी वेगाने सुरू करायला हवं होतं का, यावर सहकाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते एसटी खाली जाण्याची वाट पाहायलाच नको होती. माझा कल अजूनही वाट पाहण्याकडे आहे. सूज आलेल्या, पाणी कमी असलेल्या रुग्णात भूल देताना दाब आधीच पडायला टपलेला असतो, त्यात आणखी एक औषध मला नको वाटतं. पण आर्टेरियल लाइन असेल, अंगातलं पाणी नीट भरलेलं असेल आणि गोळी चार दिवस सुटलेली असेल, तर दुसरी बाजूही वजनदार आहे.

आणि जिथे आर्टेरियल लाइन नाही, पंप एकच आहे, कॅप्नोग्राफ बिघडलेला आहे, तिथे काय? अशी ओटी आपल्या भागात आजही आहेत. तिथे पंपाने एस्मोलॉल चालवू नये असं माझं मत आहे. १० मिलिग्रॅमचे सुटे डोस द्यावेत, प्रत्येकानंतर दाब मोजावा, दमा, हार्ट ब्लॉक आणि अनियंत्रित हार्ट फेल्युअर असलेल्यांत ते टाळावं. कॅप्नोग्राफ नसेल तर जुना अटॅक असलेल्या रुग्णाचं दुर्बिणीचं ऑपरेशन तिथे घेऊच नये, जळगाव किंवा धुळ्याला पाठवावं.

नानांच्या डिस्चार्ज कार्डावर मेटोप्रोलॉलपुढे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं: ‘ठोक्यांची गोळी. उपास असो, ऑपरेशन असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. उलटीत पडली तर फोन करायचा.’ टेल्मिसार्टनपुढे वेगळी ओळ आहे.